सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांची सुनावणी



वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, टेंडरच्या नोटिसा आणि हरवलेल्या दाखल्यांच्या जाहिराती यांच्या मधोमध कधीतरी एक चौकट छापून येते. बारीक टाइप, वर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं नाव, खाली 'पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी'. अमुक कंपनीचा अमुक प्रकल्प, अमुक ठिकाण, सकाळी अकरा वाजता. त्या दिवसापासून सुनावणीपर्यंत किमान ३० दिवस मिळाले पाहिजेत असा नियम आहे. धरण असो, बंदर असो, खाण असो की औष्णिक वीज केंद्र, त्या भागातल्या बाईनं पुढची पन्नास वर्षं पाणी कुठून आणायचं, जळण कुठून आणायचं, मासळी कुठे वाळत घालायची हे ज्यानं ठरणार, त्यावर तोंड उघडायला कायद्यानं दिलेली मुदत ही एवढी!

गावात पेपर येतो तो एसटी स्टँडवर, नाहीतर चहाच्या हॉटेलात. तिथे बाया बसत नाहीत. जिथे वर्तमानपत्र पोचत नाही तिथे दवंडी पिटावी, असंही नियमात लिहिलेलं आहे. आजवर ज्या ज्या सुनावण्यांना मी गेले, तिथे दवंडी ऐकलेली एकही बाई मला भेटलेली नाही.

हा विषय या अंकासाठी घेतला तेव्हा आपल्याच काही मैत्रिणींनी विचारलं, 'हा पर्यावरणवाल्यांचा प्रश्न, आपल्या पत्रिकेत कशाला?' प्रश्न अगदीच गैरलागू नाही. हिंसा, पोटगी, वारसाहक्क यांवर आपण इतकी वर्षं बोलत आलो, आणि अधिसूचना, मसुदा, हरकती हे शब्द आले की कागद दुसऱ्या संघटनेकडे सरकवत आलो. पण जरा तारखा पाहा. २७ जानेवारी १९९४ रोजी केंद्र सरकारनं पर्यावरण संरक्षण कायद्याखाली अधिसूचना काढून मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण आघात मूल्यांकन सक्तीचं केलं. त्याच वर्षी जून महिन्यात महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती झाली आणि राज्याचं पहिलं महिला धोरणही आलं. एकाच वर्षी निघालेल्या या दोन वाटा. जमीन कोणाची हे एकीत ठरत होतं, जमिनीचं काय होणार हे दुसरीत. त्या कधी एकमेकींना भेटल्याच नाहीत. मूल्यांकनाच्या कागदावर आजही बाई शोधावी लागते.

आधी ही यंत्रणा चालते कशी ते थोडक्यात पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. १९९४ च्या अधिसूचनेत १९९७ साली जनसुनावणी सक्तीची झाली, आणि १४ सप्टेंबर २००६ ला नवी अधिसूचना आली. आजही मूळ चौकट तिचीच आहे, वरून असंख्य ठिगळं लागली आहेत ते सोडा. प्रकल्पवाला आधी अर्ज करतो. तज्ज्ञांची समिती त्याला सांगते की अभ्यासात काय काय पाहायचं. त्याला कार्यकक्षा म्हणतात. मग प्रकल्पवाला स्वतःच्या पैशानं सल्लागार संस्था नेमतो आणि ती अहवालाचा मसुदा तयार करते. (ज्याचं लग्न त्यानंच भटजी आणायचा, त्यानंच दक्षिणा द्यायची. पत्रिका जुळली नाही असं तो भटजी कितीदा सांगणार?) मसुदा आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, पंचायत अशा ठिकाणी ठेवायचा. मग सुनावणी. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी, किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेला अधिकारी. सगळं कामकाज चित्रित करायचं, शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं, त्यावर त्याच दिवशी सही व्हायची. मग कागद तज्ज्ञ समितीकडे, तिथून मंत्रालयाकडे किंवा राज्याच्या प्राधिकरणाकडे.

कागदावर वाईट नाही. पण त्यातली एक ओळ पुन्हा वाचा: सुनावणी सुरू करण्यासाठी गणसंख्येची अट नाही. दहा माणसं आली तरी सुनावणी होते, आणि ती झाली अशी नोंद होते. एका सुनावणीत एका आजीबाईंनी मला कानात विचारलं, 'हात कधी वर करायचा?' त्यांना वाटलं होतं, ग्रामसभेसारखं मत घेतील. मत घेत नाहीत. हजारजणी 'नको' म्हणाल्या तरी त्याचा अर्थ 'चिंता व्यक्त करण्यात आली' एवढाच होतो, आणि पुढच्या रकान्यात प्रकल्पवाल्याचं उत्तर छापलं जातं: 'योग्य ती काळजी घेण्यात येईल.' ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर २०१३ साली १२ ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला एकमुखानं नकार दिला आणि तो टिकला. पण त्यामागे वनहक्क कायदा होता आणि सर्वोच्च न्यायालयाचा आदेश होता. पर्यावरणाच्या सुनावणीला ती ताकद कोणी दिलेली नाही. आपल्या शिबिरांमधून या दोन गोष्टींची सरमिसळ होते, ती थांबली पाहिजे. नाहीतर बाया मोठ्या आशेनं येतात आणि आपल्याला फसवलं असं म्हणत घरी जातात.

आता कार्यकक्षेकडे येते, कारण माझ्या मते सगळी गोम तिथे आहे. काय मोजायचं हे ठरतं तिथे, आणि त्या टप्प्यावर लोकांना विचारण्याची सोयच नाही. सुनावणीला आपण पोचतो तोवर प्रश्नपत्रिका निघून, सोडवून, बाइंडिंग होऊन टेबलावर आलेली असते.

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्ही सर्वेक्षणाचे पुष्कळ तक्ते भरले. पहिला रकाना कुटुंबप्रमुखाचं नाव. मग जमीन किती, जनावरं किती, मुख्य व्यवसाय कोणता. पुरुष घरी नसला की बाई म्हणते, 'ते आले की विचारा.' तिच्या नावापुढे 'घरकाम' लिहून सर्वेक्षक पुढच्या उंबऱ्यावर. आघात मूल्यांकनाचे जे अहवाल मी गेल्या काही वर्षांत वाचले, त्यांच्या सामाजिक प्रकरणात हाच तक्ता थोड्या गुळगुळीत कागदावर भेटतो. एकूण लोकसंख्या, त्यात स्त्रिया इतक्या, साक्षर इतक्या. जनगणनेतून उचललेले आकडे. त्या स्त्रिया दिवसभर काय करतात, कुठे जातात, काय वेचतात, याचा उल्लेख नाही. बऱ्याच प्रकल्पांना पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती चालते. पण बाईचं काम हंगामाहंगामाला बदलतं. रानभाजी पावसात, जळण उन्हाळ्यात, मासळी वाळवणं पाऊस संपल्यावर. तीन महिन्यांच्या पाहणीत तिचं वर्ष कसं मावणार?

वाढवणचं उदाहरण घेऊ. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्याचा हा किनारा. १९९१ साली केंद्रानं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं १९९६ साली तिथे खास प्राधिकरण नेमलं गेलं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. या प्राधिकरणानं १९९८ साली वाढवणचं बंदर इथे बसत नाही असा निर्णय दिला. पंचवीस वर्षांनी, ३१ जुलै २०२३ ला, त्याच प्राधिकरणानं नव्या बंदराला ना-हरकत दिली. तोवर माणसं बदलली होती आणि प्रस्तावही बदलला होता. १९ जानेवारी २०२४ ला जनसुनावणी झाली. प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्यावी असं अधिसूचना म्हणते. ही झाली जिल्ह्याच्या ठिकाणी, पालघरला. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयानं विरोधातल्या याचिका फेटाळल्या, १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजनही उरकलं. खर्च ७६,००० कोटी रुपयांहून अधिक. समुद्रात भर घालून १,४४८ हेक्टर जमीन तयार होणार, दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत बांधली जाणार.

बंदराच्या बाजूनं सतत सांगितलं गेलं की बंदर भर समुद्रात आहे, त्यासाठी गावं उठवावी लागणार नाहीत. कायद्याच्या भाषेत यात खोटं काही नसेल. समुद्र कोणाच्या सातबाऱ्यावर नाही, तेव्हा तो कोणाकडून घ्यावाही लागत नाही. पण ओहोटीला उघडा पडणारा जो खडक आहे, त्यावर खेकडे, कालवं, शिंपल्या वेचायला कोण उतरतं? बायका. कोळी, मांगेला, वैती घरांतल्या तर आहेतच, आतल्या पाड्यांवरच्या आदिवासी बायकाही. काहीच नसेल त्या दिवशी घरात कालवण होतं ते या खडकामुळे. होडीवर पुरुष जातात हे खरं, पण मासळी धक्क्याला लागल्यानंतरचं सगळं, निवडणं, मीठ लावणं, बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घालणं, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणं, हे बायकांचं. बाजारात पैसा मोजून घेतो तोही तिचाच हात. किनारपट्टीवर बाईच्या शब्दाला जे वजन असतं ते याच पैशामुळे असतं. मासळी कमी झाली की पुरुषाला बंदरावर हमाली मिळेल, वॉचमनची नोकरी मिळेल असं सांगितलं जातं. हिची पाटी कुठे जाणार? नुकसानीचं बोलणं निघालं की पहिला प्रश्न येतो, होडी कोणाच्या नावावर? दुसरा, परवाना कोणाच्या नावावर? तिसरा प्रश्न निघत नाही.

गंमत म्हणजे २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं या बाबतीत एक पाऊल पुढे टाकलं होतं. त्यात सामाजिक परिणाम मूल्यांकन आलं, त्याची वेगळी जनसुनावणी आली. विधवा, घटस्फोटित, टाकलेल्या बाईला वेगळं कुटुंब मानलं. एवढंच नव्हे, सज्ञान व्यक्ती, मग ती बाई असो वा पुरुष, स्वतंत्र कुटुंब धरली. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब ठरला होता आणि मुलगी नाही, हे आठवलं तर या शब्दांची किंमत कळते. ते आपोआप आलेले नाहीत, खोऱ्याखोऱ्यांतल्या बायकांनी केलेल्या लढ्यांतून आले आहेत. बाधित कुटुंबाच्या व्याख्येत मच्छीमार आणि वनोपज गोळा करणारेही आहेत. पण कधी? जमीन संपादित झाली तर! समुद्र बुजवला तर हा कायदा जागाच होत नाही. शिवाय राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, अणुऊर्जा धरून १३ कायद्यांखालच्या संपादनाला सामाजिक परिणामांच्या मूल्यांकनाचं कलम लागूच नाही. म्हणजे सर्वांत मोठे प्रकल्प बाहेर.

२१ सप्टेंबर २००८ ला रायगड जिल्ह्यात सेझच्या प्रश्नावर २२ गावांत सरकारनं लोकांचं मत घेतलं. देशभर कौतुक झालं आणि व्हायलाच हवं होतं, गावकऱ्यांच्या चिवटपणाचा तो विजय होता. पण ते मत होतं जमीनधारकांचं. भाताच्या लावणीला वाकलेल्या किती जणींच्या नावावर जमीन होती? शेतकरी संघटनेनं १९९० च्या आसपास 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली होती, बाईच्या नावे जमीन करा म्हणून. तेव्हा आपल्यातल्या काही जणींना ते पुरुषांनी केलेलं दान वाटलं होतं. तो वाद बाजूला ठेवू. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे नुसता वारसा गेला असं होत नाही, तर गावाचं काय व्हावं हे सांगण्याची जागाही जाते, हे मात्र रायगडनं दाखवून दिलं.

भाषेचा मुद्दा यातच येतो. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाच्या वेळी, २०१० साली, अहवाल मराठीत वेळेवर मिळाला नाही ही गावकऱ्यांची मोठी तक्रार होती. २०२० मध्ये केंद्रानं संपूर्ण आघात अधिसूचनाच बदलण्याचा मसुदा काढला, तोही टाळेबंदीच्या दिवसांत आणि इंग्रजी-हिंदीत. त्यात लेखी म्हणणं मांडायची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणायचं घाटत होतं. दिल्ली उच्च न्यायालयानं ३० जून २०२० ला सांगितलं, आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या भाषांत भाषांतर करा आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवा. भाषांतर म्हणजे उपकार नव्हेत, हे न्यायालयाला सांगावं लागलं. अर्थात मराठीत आलं म्हणजे कळलं असंही नाही. एका सारांशात मी वाचलं, 'प्रकल्पामुळे सभोवतालच्या वायुगुणवत्तेवर होणारा वाढीव भार अनुज्ञेय मर्यादेत राहील.' हे मी बचत गटात वाचून दाखवलं तेव्हा एकजण म्हणाली, 'ताई, हे आम्हाला कळू नये म्हणूनच लिहिलंय ना?' मी म्हटलं, हेतू माहीत नाही, काम तेच करतंय.

आणि आता जरा आपल्या चळवळीबद्दल, परक्यांना नावं ठेवून झाल्यावर. बारसूला एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण अडवायला बाया उन्हात रस्त्यावर आडव्या पडल्या. पोलिसांच्या पुढ्यात आपण नेहमी बायांनाच ठेवतो. सुनावणीत मात्र माईकवर पुढारी, सरपंच, वकील, शहरातून आलेले अभ्यासक. बायकांची पाळी येईस्तोवर तीन वाजतात. पाण्याची वेळ होते, शाळा सुटते, शेवटची गाडी निघून जाते. मग कोणीतरी दोघींना पुढे ढकलतं, 'महिलांतर्फेही बोला.' त्या बोलतात, टाळ्या पडतात, इतिवृत्तात ओळ पडते: 'उपस्थित महिलांनी प्रकल्पास विरोध दर्शविला.' कोणत्या खडकावर, कोणत्या महिन्यांत, दिवसाला काय मिळतं, हे तिनं सांगितलं होतं. ते गळालं. ते गळू नये यासाठी आपल्या संघटनांनी आधीपासून भांडायला हवं, तेही आपल्याच व्यासपीठावर.

काही संघटना सुनावणीवर बहिष्कार टाकतात. त्यामागचा संताप मला समजतो. निकाल ठरलेला असताना तमाशात कशाला नाचायचं? मला तरी ते पटत नाही. बहिष्कारानंही सुनावणी थांबत नाही, गणसंख्येची अट नाही हे वर सांगितलंच. गोव्यातल्या एका खाणीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ साली बजावलं आहे की सुनावणीतल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीनं विचार केला पाहिजे आणि त्याची कारणं दिली पाहिजेत. हरकत नोंदवलेलीच नसेल तर कारण कशाचं मागणार? मंजुरीनंतर राष्ट्रीय हरित लवादाकडे, आपल्या भागासाठी पुण्याला, ३० दिवसांत अपील करता येतं. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. तिथे भावना चालत नाहीत, कागद चालतो.

दार अरुंद होत चाललं आहे हेही खरं. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रालयानं अणुखनिजं आणि देशाला निकडीची म्हणून ठरवलेली खनिजं यांच्या खाणींना जनसल्लामसलतीतून वगळलं. आधी काम सुरू करून मागाहून पर्यावरण मंजुरी घेण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये रद्दबातल केली आणि नोव्हेंबरमध्ये तोच निकाल दोन विरुद्ध एक मतानं मागे घेतला. मंजुरी मागाहून मिळत असेल तर आधीच्या सुनावणीला बोलावतात तरी कशाला, असं उद्या एखादी बाई विचारेल. तिला काय सांगायचं?

तूर्त आपल्या हातात आहे ते करू. आपल्या तालुक्यात प्रकल्प येणार अशी कुणकुण लागली की चौकटीची वाट न पाहता गटागटात बसून बायकांच्या कामाचं बारा महिन्यांचं वेळापत्रक लिहून काढा. कोणत्या महिन्यात कुठे जाता, काय आणता, घरात किती जातं, विकलं तर किती येतात. अंदाजानं नको, चार महिने वहीत नोंदवून. जागांची नावं बायका घेतात तीच घाला, नकाशावरची नव्हे. सारांश हाती आला की एकत्र वाचा आणि जे वाक्य कळणार नाही त्याखाली रेघ मारून तेच मंडळाला लेखी विचारा. लेखी म्हणणं सुनावणीआधी पोस्टानं पाठवता येतं, त्याची पोच जपून ठेवा. जिला माईक नको असेल तिचं म्हणणंही त्यातून जातं. आणि इतिवृत्त वाचून होईस्तोवर किमान पाचजणी मांडवात थांबतील अशी गाडीची, मुलांची सोय आधी करा. आपलं म्हणणं त्यात नसेल तर तिथेच उभं राहून सांगा, कॅमेरा चालू असतो तोवर.

अशा वह्या तीन-चार ठिकाणच्या गटांनी सुरू केल्या आहेत. पुढच्या अंकात त्यातली काही पानं जशीच्या तशी छापणार आहोत. तुमच्याकडे पेपरात ती चौकट दिसली तर कात्रण, तारीख आणि गावापासून सुनावणीची जागा किती लांब आहे ते एका कार्डावर लिहून पाठवा.